गाणं मिक्स करायला शिकताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरी किंवा छोट्या स्टुडिओत रेकॉर्ड केलेला अभंग, भावगीत, लावणी किंवा भजनी मंडळाचा अल्बम स्वतः मिक्स करू पाहणाऱ्यांसाठी हे लिहिलं आहे. या विषयावर जे काही वाचायला-बघायला मिळतं ते बहुतेक ड्रम किट आणि इलेक्ट्रिक गिटार धरून सांगितलेलं असतं. आपल्यासमोर पखवाज, तबला-डग्गा, पेटी, टाळ आणि गाणाऱ्याचा गळा असतो. म्हणून खालच्या बहुतेक उत्तरांत एकच अभंग डोळ्यांसमोर ठेवला आहे: मुख्य गायक, पेटी, पखवाज, टाळ, तानपुरा आणि मागे चार जणांचा कोरस.

मिक्सिंग म्हणजे नेमकं काय?

रेकॉर्डिंगमध्ये प्रत्येक आवाज आपापल्या ट्रॅकवर उतरतो. ते सगळे ट्रॅक एकत्र बसवून त्यांचं एक गाणं करणं म्हणजे मिक्सिंग. कोण किती मोठा, कोण डावीकडे, कोण लांब, कोण कधी पुढे येतो आणि कधी मागे सरतो, हे इथे ठरतं. मास्टरिंग त्यानंतरचं काम. तयार झालेल्या फाइलवर शेवटचा हात फिरवायचा आणि अल्बममधली सगळी गाणी एका पातळीवर आणायची.

मुंबईच्या जुन्या स्टुडिओंमध्ये रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग वेगळं काढता येत नसे. गायक, वादक, कोरस सगळे एकत्र बसत आणि रेकॉर्डिस्ट तिथल्या तिथे तोल साधत असे. बासरीवाल्याला माइकपासून दोन पावलं मागे उभं करणं हेच त्याचं मिक्सिंग. एकाचा सूर चुकला की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. सिनेमात मात्र संवाद, गाणी, पार्श्वसंगीत आणि इतर आवाज एकत्र आणण्याचं स्वतंत्र काम होतं. त्याला री-रेकॉर्डिंग म्हणतात. परळच्या राजकमल कलामंदिरात मंगेश देसाई यांनी हे काम फार मोठ्या उंचीला नेलं, आणि ध्वनीच्या क्षेत्रात त्यांचं नाव आजही आदराने घेतलं जातं.

मला विचाराल तर मिक्सिंग म्हणजे ऐकणाऱ्याचं लक्ष या क्षणी कुठे असावं याचा निर्णय, आणि असा निर्णय गाणं संपेपर्यंत सतत घ्यावा लागतो. बाकीची सगळी यंत्रं त्या निर्णयाच्या चाकरीला असतात.

सुरुवातीला काय काय लागतं?

बऱ्यापैकी कॉम्प्युटर, एक ऑडिओ इंटरफेस (माइक आणि स्पीकर कॉम्प्युटरला जोडणारा डबा), चांगला हेडफोन आणि मिक्सिंगचं सॉफ्टवेअर. क्यूबेस, लॉजिक, प्रो टूल्स, रीपर यांतलं कुठलंही चालेल. रीपर ६० दिवस पूर्ण स्वरूपात वापरून बघता येतं आणि त्याचा वैयक्तिक परवाना ६० डॉलरला मिळतो, म्हणून मी नवशिक्यांना तेच सुचवतो. त्याच्यासोबत येणारे ईक्यू (आवाजातला खालचा, मधला, वरचा भाग कमी-जास्त करणारा), कॉम्प्रेसर (मोठ्या आणि लहान आवाजातलं अंतर कमी करणारा) आणि डिले (प्रतिध्वनी देणारा) शिकण्यासाठी पुरेसे आहेत. वर वॉक्सेंगोचा स्पॅन (आवाजाचा कुठला भाग किती आहे ते दाखवणारा) आणि युलीनचा लाउडनेस मीटर (गाणं एकूण किती मोठं आहे ते मोजणारा), दोन्ही फुकट मिळणारे, एवढे टाकून घ्या. पहिलं वर्षभर प्लगइन, म्हणजे सॉफ्टवेअरला जोडायची अशी साधनं, विकत घेऊ नका. ते पैसे खोलीवर घाला.

खोलीवर म्हणजे? माझी तर दहा बाय दहाचीच खोली आहे.

तीच तर अडचण आहे. दहा फूट म्हणजे सुमारे ३.०५ मीटर. ध्वनी सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. त्यामुळे समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ५६ हर्ट्झच्या (सेकंदाला ५६ कंपनांच्या) आसपासचा नाद अडकून घुमत राहतो. लांबी, रुंदी सारखी आणि छतही दहा फुटांवर असेल तर तीनही दिशांनी तोच नाद घुमतो. भिंतीजवळ तो दुप्पट वाटतो आणि खोलीच्या मधोमध जवळजवळ गायब होतो. मग पखवाजाच्या कणीक लावलेल्या बाजूचा नाद तुम्हाला कमी वाटतो, तुम्ही तो वाढवता, आणि तेच गाणं दुसऱ्याच्या गाडीत लावलं की काचा थरथरतात.

उपाय असे. बरोबर मधोमध बसू नका. समोरच्या भिंतीपासून खोलीच्या लांबीच्या एक तृतीयांशाहून थोड्या जास्त अंतरावर बसा. दोन्ही स्पीकर बाजूच्या भिंतींपासून सारख्या अंतरावर ठेवा. कोपऱ्यांत जाड शोषक हवेत, चार ते सहा इंच रॉकवूलच्या फ्रेम सुताराकडून करून घेता येतात. कापसाच्या गाद्या आणि भरलेलं पुस्तकांचं कपाटही थोडं काम करतात. अंड्यांच्या ट्रेने खालचा नाद शोषला जात नाही, फक्त वरची चमक थोडी मंदावते आणि खोली आणखी गढूळ वाटते. शेवटचं ऐकताना छताचा पंखा बंद ठेवा.

नुसत्या हेडफोनवर मिक्स केलं तर चालतं का?

चालतं. वाईट खोलीपेक्षा चांगला हेडफोन केव्हाही बरा. दोन गोष्टी ध्यानात ठेवा. हेडफोनवर डावं-उजवं पूर्ण तुटलेलं असतं, म्हणून पॅनिंग (आवाज डावी-उजवीकडे ठेवणं) आहे त्यापेक्षा रुंद वाटतं. आणि रिव्हर्ब (आवाजाला दिलेला जागेचा घुमारा) इतका बारकाईने ऐकू येतो की हात आखडता घेतला जातो, पुढे स्पीकरवर गाणं कोरडं पडतं. दर टप्प्याला एकदा तरी साध्या स्पीकरवर ऐका.

सराव कशावर करायचा?

केंब्रिज म्युझिक टेक्नॉलॉजीच्या संकेतस्थळावर शिकणाऱ्यांसाठी शेकडो गाण्यांचे सुटे ट्रॅक मोफत मिळतात. ते बहुतेक पाश्चात्त्य बॅंडचे आहेत, पण हात बसायला उत्तम. आपल्या वाद्यांसाठी मात्र ओळखीच्या भजनी मंडळाला भेटा. त्यांचा एक अभंग स्वतः रेकॉर्ड करा आणि तोच निरनिराळ्या तऱ्हांनी मिक्स करा. दहा गाणी एकेकदा मिक्स करण्याने जे कळत नाही, ते एकच गाणं पुन्हापुन्हा केल्याने कळतं.

फाइली हातात आल्यावर पहिलं काम काय?

गाण्याचे शब्द कागदावर घ्या आणि काहीही न हलवता गाणं पूर्ण ऐका. कुठला शब्द कळत नाही, कुठे अंगावर काटा येतो, कुठे लय ढिली पडते, ते त्याच कागदावर लिहा. गाणं तुम्ही पहिल्यांदा फक्त एकदाच ऐकता. तो ताजेपणा नंतर कशानेही परत येत नाही, म्हणून या टिपांना माझ्या लेखी फार किंमत आहे.

मग साफसफाई. ट्रॅकना नावं आणि रंग द्या, सगळ्या फाइली शून्य सेकंदापासून सुरू होतात का बघा. खुर्चीचा करकर आवाज, पान उलटल्याचा आवाज, दोन ओळींमधलं खाकरणं काढा. श्वास मात्र ठेवा, फार मोठा असेल तर थोडा खाली घ्या. श्वास काढलेला गायक यंत्रासारखा ऐकू येतो. खाली घूं असा आवाज येत असेल तर तो विजेचा ५० हर्ट्झ आणि त्याचे १००, १५० हर्ट्झचे भाऊबंद. अरुंद फिल्टरने तेवढेच छाटा. शेवटी प्रत्येक क्लिपची पातळी अशी बसवा की शिखरं उणे १० डीबीच्या (डेसिबल, कमाल पातळी शून्य धरून) आसपास राहतील. २४ बिटमध्ये एवढी मोकळी जागा ठेवल्याने गुणवत्तेचं काहीही नुकसान होत नाही.

मग कुठला प्लगइन आधी लावायचा?

कुठलाच नाही. आधी फेडर, म्हणजे ट्रॅकचा आवाज कमी-जास्त करणारी पट्टी.

सगळे फेडर खाली ओढा. पाश्चात्त्य पद्धतीत बरेच जण किक ड्रमपासून वर चढत जातात. अभंगात मी गायकापासून सुरू करतो. आधी आवाज एका ठिकाणी ठेवायचा, मग पखवाज, मग पेटी, तानपुरा, कोरस, आणि टाळ सगळ्यांत शेवटी. हे सगळं मोनोमध्ये (डावं-उजवं एकत्र करून) आणि हळू आवाजात करा. हळू आवाजात आपल्या कानाला खालचे आणि अगदी वरचे सूर कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये हे मोजून दाखवलं. त्यामुळे हळू ऐकताना मधला भाग उघडा पडतो, आणि शब्द तिथेच असतात. शेजारच्या खोलीत बोलणं चालू असतानाही गाण्याचे शब्द लागत असतील, तर तोल बरोबर आहे.

इथे पेटीची गोष्ट सविस्तर सांगायला हवी, कारण मराठी गाण्याचं मिक्स बहुतेक वेळा पेटीपाशी अडतं. साथीची पेटी गायकाच्या मागोमाग तीच चाल, त्याच सप्तकात वाजवते. म्हणजे ती नेमकी गायकाच्या जागेवर येऊन बसते. पेटी सरसकट खाली घेतली तर दोन ओळींच्या मधल्या जागा ओस पडतात, आणि पेटीवाल्याने तिथे भरलेल्या सुंदर हरकती वाया जातात. म्हणून पेटीचा फेडर एका जागी ठेवायचाच नाही. शब्द सुरू झाले की दोन-तीन डीबी खाली, ओळ संपली की परत वर. हे ऑटोमेशन (सॉफ्टवेअरमध्ये नोंदवलेली फेडरची हालचाल) ओळीओळीने हाताने लिहा. कंटाळवाणं आहे, पण एवढं एकच काम नीट केलं तरी अर्धं गाणं उलगडतं. कुठलाही ईक्यू हे करू शकत नाही.

एक पूर्ण तास नुसत्या फेडरवर घालवा. त्यानंतर जे खटकत राहील, त्यालाच प्लगइनची गरज आहे.

ईक्यू करताना आकडे कुठून आणायचे?

गाण्याच्या पट्टीतून. इंटरनेटवरच्या तक्त्यांत 'आवाजाला १०० हर्ट्झच्या खाली काटा' असं लिहिलेलं असतं. आपल्याकडे याहून चांगला हिशेब उपलब्ध आहे. पुरुष गायक काळी एकमध्ये गात असेल तर त्याचा मध्य षड्ज साधारण १३९ हर्ट्झवर येतो आणि मंद्र पंचम १०४ वर. तो मंद्र पंचमापर्यंत उतरत असेल तर खालचं छाटणारा फिल्टर ८० च्या वर नेऊ नका. काळी पाचमध्ये गाणाऱ्या बाईंचा षड्ज २३३ वर आणि मंद्र पंचम १७५ च्या आसपास. तिथे फिल्टर १३० पर्यंत निर्धास्त नेता येतो. मात्र हे बघताना गाण्यातला सगळ्यांत खालचा स्वर खरोखर कुठला आहे ते ऐकून घ्या.

छोट्या खोलीत रेकॉर्ड केलेल्या आवाजात २०० ते ४०० हर्ट्झच्या दरम्यान डब्यातून आल्यासारखा फुगवटा असतो. तो दोन-तीन डीबी कमी केला की आवाज मोकळा होतो. शब्दांची व्यंजनं २ ते ४ हजार हर्ट्झमध्ये कळतात. शब्द दबत असतील तर गायकाचा हा भाग वाढवण्याआधी पेटीचा आणि कोरसचा तोच भाग थोडा काढून बघा. जागा करून दिली की आवाज आपोआप पुढे येतो, आणि कर्कश होत नाही.

सोलोचं (एकच ट्रॅक ऐकवणारं) बटण दाबून ईक्यू करण्याची सवय लावून घेऊ नका. एकटा ऐकताना पखवाज जितका भरदार वाटतो तितका तो गाण्यात चालत नाही. ऐकणारा त्याला कधी एकटं ऐकणारच नाही.

तबला किंवा पखवाज गाण्यात बसतच नाही. काय चुकतंय?

आधी स्वर तपासा. बहुतेक ढोलांना नेमका स्वर नसतो, तबला आणि पखवाज यांना असतो. त्याचं कारण शाई. सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये दाखवून दिलं की शाईच्या थरामुळे या वाद्यांचे उपस्वर मूळ स्वराच्या पटीत येतात, तंतुवाद्यासारखे. म्हणून तबला गायकाच्या षड्जाला लागलेला नसेल तर पूर्ण गाणं आंबट लागतं, आणि ऐकणाऱ्याला वाटतं गायकच बेसूर आहे. थोडासाच फरक असेल तर सॉफ्टवेअरने सरकवता येतो. जास्त असेल तर वादकाला परत बोलवा. ईक्यूने हे सुटत नाही.

स्वर बरोबर असेल तर फेज, म्हणजे दोन माइकमधल्या लाटा एकमेकींशी जुळतात का, ते बघा. दोन माइक लावले असतील, एक तबल्यावर आणि एक डग्ग्यावर, तर डग्ग्याचा आवाज दोन्हींत येतो, पण एकात उशिरा. ध्वनीला ३४ सेंटिमीटर जायला एक मिलिसेकंद लागतो. एवढ्याशा फरकाने दोन लाटा एकमेकींना खातात आणि डग्गा पोकळ होतो. एका ट्रॅकची पोलॅरिटी (लाटेचं वर-खाली) उलटी करून बघा. ज्या स्थितीत खालचा नाद भरून येतो ती ठेवा. दहा सेकंदांचं काम आहे. डग्ग्याला दहा डीबी वाढवण्याआधी ते जरूर करा.

कॉम्प्रेसर लावायचा तर अ‍ॅटॅक (आवाज मोठा झाल्यावर कॉम्प्रेसर किती वेळाने पकडतो ते) २० ते ३० मिलिसेकंद ठेवा. अ‍ॅटॅक फार जलद असेल तर किनारीवरचा 'ना' आधी मरतो आणि बोटांचा सगळा निगुतीचा हात पुसला जातो. फोनच्या स्पीकरवर डग्ग्याचा खालचा नाद येतच नाही. तिथे तो २०० ते ४०० हर्ट्झमधल्या उपस्वरांवरून कळतो. म्हणून डग्ग्याला अगदी हलकं सॅच्युरेशन (उपस्वर वाढवणारी किंचित विकृती) द्या, फोनवरही घिस्सा ऐकू येतो.

टाळ कानाला टोचतात.

टाळ पितळेचे किंवा काशाचे, त्यांची चमक ३ हजारांपासून वर कानाला ऐकू येतं त्याच्या थेट वरच्या टोकापर्यंत जाते. सगळे एकत्र बसून गायले असतील तर ती प्रत्येक माइकमध्ये शिरलेली असते. अशा वेळी गायकाची वरची चमक वाढवली की टाळही वाढतात, आणि मग टाळ कमी करायला फेडरच उरत नाही. रेकॉर्डिंग अजून व्हायचं असेल तर टाळ वेगळे, सगळ्यांत शेवटी आणि दोनदा घ्या. एक टेक डावीकडे, एक उजवीकडे. झालेलं असेल तर आवाजाला उजळ करण्याचा मोह सोडा आणि त्या गाण्याचा तोच रंग आहे असं समजून पुढे चला.

कॉम्प्रेसर नक्की कशासाठी? मला फरकच ऐकू येत नाही.

मोठा आवाज आणि लहान आवाज यांतलं अंतर कमी करण्यासाठी. ते ओळखायला कान तयार व्हावा लागतो, त्याची एक पद्धत आहे: थ्रेशोल्ड (ज्या पातळीच्या वर कॉम्प्रेसर काम करतो ती) मुद्दाम इतका खाली ओढा की आवाज चेपलेला वाटेल, मग अ‍ॅटॅक आणि रिलीज (पकडलेला आवाज किती वेळाने सोडतो ते) फिरवत काय बदलतं ते ऐका, आणि कळलं की थ्रेशोल्ड परत वर न्या.

गायकाच्या बाबतीत मात्र कॉम्प्रेसरच्या आधी हात. तार सप्तकातली तान आलापापेक्षा सहज दहा डीबी मोठी असते, आणि ओळीचं शेवटचं अक्षर श्वास संपत आल्यामुळे बुडतं. अशी बुडालेली अक्षरं एकेक करून क्लिपची पातळी वाढवून वर काढा, तान थोडी खाली घ्या. त्यानंतर तीनास एक रेशो (थ्रेशोल्डच्या वर तीन डीबी गेले तर एकच बाहेर येतो), १० ते ३० मिलिसेकंद अ‍ॅटॅक आणि तीन-चार डीबीची घट पुरते. जास्त लागत असेल तर एकाच कॉम्प्रेसरवर भार टाकू नका, दोन लावा. पहिला जलद, नुसती शिखरं पकडणारा. दुसरा संथ. १९६० च्या दशकातली ११७६ आणि एलए-२ए ही कॉम्प्रेसरची यंत्रं अशी जोडीने वापरण्याची रीत जुनी आहे, आणि त्यांच्या नकला आज प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये मिळतात.

'स', 'श', 'च' फार टोचतात. डी-एसर लावू का?

लावा, टोचणारी अक्षरं तेवढ्यापुरती खाली घेणारं ते साधन आहे, पण आधी हाताने. मराठीत नुसते स-श नाहीत, 'चांगलं'मधला च, 'जग'मधला ज, 'माझा'मधला झ हेही दातांवरून घासत जातात. इंग्रजी गाण्यांसाठी ठरवलेला तयार प्रीसेट इथे कधी कमी पडतो, कधी जास्त होतो. पुरुषांच्या आवाजात हा भाग ५ ते ७ हजार हर्ट्झला, बायकांच्या आवाजात त्याहून वर सापडतो. डी-एसर जास्त झाला की गायक बोबडा वाटतो. कळत नसेल तर शब्दांचा कागद समोर धरून ऐका. 'भ' किंवा 'फ'चा फुत्कार माइकवर आदळला असेल तर तेवढ्याच अक्षरापुरता खालचा भाग काढा, पूर्ण ट्रॅकवर फिल्टर नको.

ऑटोट्यून वापरावं का?

ऑटोट्यून १९९७ मध्ये अँटारेस कंपनीने आणलं आणि ते एरवी बारा समान स्वरांच्या हिशेबाने विचार करतं. तानपुऱ्यातून ऐकू येणारा शुद्ध गंधार त्या हिशेबापेक्षा १४ सेंट (एक सेंट म्हणजे लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) खाली असतो. गायक तानपुऱ्याशी तंतोतंत जुळवून गायला असेल, तर यंत्र त्याचा बरोबर गंधार 'दुरुस्त' करून चुकीचा करतं. मींडेचे तर ते तुकडे पाडतं. म्हणून आपोआप चालणारी पद्धत रागावर आधारलेल्या गाण्यात लावू नये, हे माझं ठाम मत आहे. एखादाच स्वर खरोखर घसरला असेल तर आलेखावर तो एकटा उचलून सरकवा, आधी त्याच ओळीचं दुसरं टेक मिळतंय का बघा, आणि केलं ते गायकाला सांगा.

रिव्हर्ब किती?

अभंग म्हटला की सगळ्यांना देवळाचा गाभारा हवा असतो. हवा तर द्या, पण शब्द त्यात वाहून जाता कामा नयेत. रिव्हर्ब नेहमी वेगळ्या सेंडवर (मूळ ट्रॅकमधून थोडा आवाज नेणाऱ्या वेगळ्या वाटेवर) ठेवा. प्री-डिले ३० ते ४० मिलिसेकंद द्या, म्हणजे शब्द आधी येतो आणि त्याची सावली नंतर. सेंडवर जाणाऱ्या आवाजातला ६०० हर्ट्झच्या खालचा आणि १० हजारांच्या वरचा भाग काढा. लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओच्या नावाने ओळखली जाणारी ही युक्ती मराठी शब्दांनाही चांगली मानवते.

लांबी लयीवरून ठरवा. ६०,००० ला लयीच्या आकड्याने भागलं की एका मात्रेचे मिलिसेकंद मिळतात. १०० ची लय असेल तर ६००. अभंगात शेवटाकडे लय चढते, गजरात तर दुपटीला जाते. सुरुवातीला दोन सेकंदांची शेपटी शोभून दिसते, गजरात तीच चिखल करते. तिथे रिव्हर्ब आखूड करा किंवा सेंड उतरवा. मंडळाला ही गोष्ट कळणारही नाही, पण टाळ्या मात्र ठेक्यावर पडतील. आणि पखवाजाच्या डाव्या बाजूला रिव्हर्ब शक्यतो देऊच नका.

पॅनिंगचे काही नियम आहेत का?

गायक आणि खालचा नाद मधोमध. पेटी थोडी एका बाजूला, तानपुरा दोन्हीकडे पसरलेला, कोरसमधले चौघे डावी-उजवीकडे वाटलेले. मग मोनोचं बटण दाबून ऐका. गणपतीच्या मांडवातले स्पीकर, दुकानातला ब्लूटूथ स्पीकर, टेबलावर ठेवलेला फोन, ही सगळी जवळपास मोनोच आहेत, आणि आपलं गाणं मुख्यतः तिथेच वाजणार आहे. रुंदी वाढवणारे प्लगइन मोनोमध्ये कोरस गिळून टाकतात.

गाणं किती लाउड ठेवायचं?

स्पॉटिफाय आणि यूट्यूब साधारण उणे १४ एलयूएफएसला (कानाला जाणवणारा एकूण मोठेपणा मोजण्याचं एकक), अ‍ॅपल म्युझिक उणे १६ ला पातळी आणतं. त्याहून मोठं गाणं ते खाली घेतात. म्हणजे चेपून मोठं केलेल्या गाण्याला तिथे फायदा नाही, फक्त पखवाजाची थाप गेलेली असते. ट्रू पीक (लाटेचं खरं शिखर) उणे १ डीबीच्या वर जाऊ देऊ नका. संथ अभंग उणे १६ ला सुखात बसत असेल तर त्याला उणे १४ पर्यंत ताणायची गरज नाही. मास्टरिंगला पाठवायचं असेल तर शेवटचा लिमिटर (पातळी ठरलेल्या हद्दीच्या वर न जाऊ देणारा) काढून पाठवा.

किती वेळ सलग बसावं?

पाऊण तास, मग दहा मिनिटं शांतता. ७५ ते ८० डीबीच्या वर नियमित ऐकू नका. ८५ डीबीला आठ तास ही कामाच्या जागेसाठी सुचवलेली मर्यादा आहे, आणि प्रत्येक तीन डीबीमागे ती वेळ अर्धी होते. गणेशोत्सवात ढोल-ताशा पथकाशेजारून चालत आलात तर त्या संध्याकाळी मिक्सला हात लावू नका, कान दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत खरं सांगत नाहीत. वाजवणाऱ्यांनी तर कानात बोळे घालायलाच हवेत.

गायक म्हणतो, "दादा, माझा आवाज वर घ्या." पखवाजवाले म्हणतात, "माझा हात ऐकू येत नाही." कुणाचं ऐकायचं?

दोघांचं ऐका, पण त्यांनी सांगितलेला उपाय लगेच करू नका, तक्रार काय आहे ते समजून घ्या. गायकाला आवाज दबल्यासारखा वाटतोय, त्याचं कारण बहुतेक पेटी किंवा कोरस असतो. पखवाजवाल्या बुवांना 'हात' म्हणजे थापेची सुरुवात, बोलांचा कस ऐकायचा आहे. त्यांचा फेडर वाढवला तर नुसता घुमा वाढेल. तिथे २ ते ४ हजारांत थोडी धार द्या किंवा कॉम्प्रेसरचा अ‍ॅटॅक ढिला करा. दोघेही खूश होतात आणि गाण्याचा तोल जागेवर राहतो.

प्रत्येकाचे फोन वेगवेगळे घेत बसू नका. सगळ्यांच्या सूचना मिनिट-सेकंदासह एकाच यादीत मागवा, आणि अखेरचा शब्द कुणाचा हे काम घेतानाच ठरवा. किती वेळा दुरुस्त्या करून देणार हेही तेव्हाच लिहून ठेवा.

कोर्स करावा का?

पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट आणि दूरचित्रवाणी संस्थेत ध्वनिमुद्रण आणि ध्वनिआरेखनाचा तीन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. तो सिनेमाच्या ध्वनीचा आहे, पाया मात्र भक्कम होतो. खासगी संस्थेत जाण्याआधी एकच विचारा: मिक्सिंग डेस्कवर मी स्वतः किती तास बसणार? कोर्स नाही जमला तर जवळच्या स्टुडिओत केबल गुंडाळण्यापासून सुरुवात करा. आणि कुठेही शिका, थोडा तबला किंवा पेटी जरूर शिका. सम कुठे येते हे ज्याला कळत नाही, त्याला फेडर कधी हलवायचा ते कळणं अवघड.

आता एआयही मिक्स करून देतं ना?

ठीकठाक सुरुवात करून देतं. एकाच माइकवर घेतलेल्या जुन्या रेकॉर्डिंगमधून आवाज वेगळा काढायला ही साधनं खरोखर उपयोगी आहेत. या कडव्यात पेटी मागे जावी आणि 'माऊली' हा शब्द एकटा उभा राहावा, हे मात्र गाणं समजलेल्या माणसालाच सुचतं.

काम संपल्यावर काय काय द्यायचं?

२४ बिट, ४८ किलोहर्ट्झची वेव्ह फाइल. नुसतीच ऑडिओ जाणार असेल तर ४४.१ चालतं, पण हल्ली प्रत्येक गाण्याचा व्हिडिओ होतोच. मूळ मिक्ससोबत आवाज एक डीबी वर असलेलं एक रूप द्या, गायक नंतर ते हमखास मागतात. आवाज काढलेला मायनस ट्रॅक द्या, कार्यक्रमात त्यावर गायचं असतं. त्यात कोरस ठेवायचा की नाही ते विचारून घ्या. नुसत्या आवाजाचीही एक फाइल काढा.

फाइलच्या नावात गाणं, रूप आणि तारीख घाला. 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल खरं' अशी नावं ठेवू नका. प्रत्येक ट्रॅक सगळ्या प्रक्रियेसह शून्य सेकंदापासून वेगळ्या वेव्ह फाइलमध्ये काढून ठेवा, कारण पाच वर्षांनी ते सॉफ्टवेअर आणि ते प्लगइन उघडतीलच असं नाही, वेव्ह फाइल मात्र उघडते. दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर प्रती करा आणि त्यातली एक दुसऱ्या घरी ठेवा.